फर्मवेअरची सेटिंग्ज कमांड लाइनवरून कशी वाचायची आणि कशी बदलायची

कॉम्प्युटर सुरू केला, फर्मवेअरचा सेटअप उघडायला एफ-टू की धडाधड दाबत राहिलो, तरी कंपनीचा लोगो येऊन गेला आणि थेट लॉगिनचा पडदा समोर. परत रीस्टार्ट. या वेळी डिलीट की. तीही चुकीचीच. हा खेळ आपण सगळ्यांनी खेळलेला असतो. एकाच मशीनचं काम असेल तर पाच मिनिटांचा वैताग, संपलं. पण वीस मशीनवर तीच एक सेटिंग बदलायची असेल, किंवा मशीन दुसऱ्या इमारतीत कुलूपबंद खोलीत असेल आणि आपल्या हाताशी फक्त एसएसएच (दुरून टर्मिनल वापरण्याची सोय) असेल, तर तिथे की दाबायला जाणार कोण?

फर्मवेअर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या आधी सुरू होणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. त्याची बरीचशी सेटिंग्ज चालू ऑपरेटिंग सिस्टममधून, टर्मिनलवर बसून वाचता येतात, आणि त्यातली काही बदलताही येतात. हा लेख ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. टर्मिनल उघडून एखादी कमांड चालवता येते, एवढं येत असलं की पुरे. उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच सेटिंग धरू: वेक ऑन लॅन, म्हणजे बंद मशीन नेटवर्कवरून उठवण्याची सोय. ती चुकली तरी मशीन बंद पडत नाही, म्हणून शिकायला बरी.

कमांडांबद्दल आधीच सांगतो. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना नेहमीच्या रोमन छोट्या अक्षरांत करायच्या. कॅपिटल अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे. सेटिंगची नावं आणि पर्याय मात्र मशीन दाखवेल तसेच्या तसे टाइप करायचे. स्पेलिंगची शंका आली तर पहिली चार-पाच अक्षरं टाइप करून टॅब की दाबा, उरलेलं नाव टर्मिनलच भरून देतं. फाइलच्या लांबलचक पत्त्यांनाही हीच युक्ती चालते.

आपण नक्की कशाला हात लावतोय?

"बायोस सेटिंग" हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींची गल्लत झाली की नवशिक्याचा अर्धा दिवस चुकीच्या कमांडशी झटापट करण्यात जातो.

पहिली गोष्ट जुनी. १९८४ साली आयबीएमचा पीसी-एटी आला, त्यात मोटोरोलाची घड्याळाची एक चिप होती. तिच्यात ६४ बाइटची इवलीशी मेमरी. त्यातले १४ बाइट घड्याळ आणि त्याच्या नियंत्रणासाठी, उरलेले ५० सेटिंगसाठी. मशीन बंद असतानाही ही मेमरी जागी ठेवायला बॅटरी. सीमॉस हे नाव तिथून रूढ झालं, आणि "बॅटरी काढा, सगळं मूळ पदावर येईल" हा सल्लाही.

दुसरी गोष्ट आजची. जुन्या बायोसची जागा घेणारं यूईएफआय फर्मवेअर आपली सेटिंग्ज मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये ठेवतं. त्यांना व्हेरिएबल म्हणतात. फ्लॅशला बॅटरी लागत नाही. म्हणून हल्लीच्या अनेक मशीनवर बॅटरी काढून फक्त घड्याळ मागे पडतं आणि सेटिंग्ज जिथल्या तिथे राहतात. जुना सल्ला डोळे झाकून पाळू नये तो यासाठी.

तिसरी गोष्ट सेटिंग नव्हेच. मशीन सुरू होताना फर्मवेअर मेमरीत एक तक्ता मांडून ठेवतं: मदरबोर्ड कोणता, बायोसची आवृत्ती कोणती, कुठल्या खाचेत किती रॅम. याला एसएमबायोस किंवा डीएमआय तक्ता म्हणतात. तो फक्त वाचायचा. इथे काही "बदलायला" गेलात तर हाती काही लागणार नाही.

पहिली पायरी: मशीनची ओळख करून घ्या

लिनक्सवर ही कमांड द्या:

सुडो डीएमआयडीकोड -एस बायोस-व्हर्जन

एका ओळीत आवृत्ती येते. "बायोस-व्हर्जन"च्या जागी "बायोस-रिलीज-डेट" घातलं की तारीख, "सिस्टम-प्रॉडक्ट-नेम" घातलं की मॉडेल. या तिन्ही ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवा. हे कारकुनी काम वाटेल, पण फर्मवेअर अपडेट झाल्यावर सेटिंगची नावं आणि पर्याय बदलू शकतात. मागच्या वेळी चाललेली कमांड आज का चालत नाही, याचं उत्तर बरेचदा या आवृत्तीच्या ओळीत असतं.

सुडोचा, म्हणजे रूट (मुख्य ॲडमिन) म्हणून कमांड चालवण्याचा, हक्क नसेल तरी अडत नाही. /सिस/क्लास/डीएमआय/आयडी या डिरेक्टरीत बायोस_व्हर्जन नावाची साधी फाइल आहे, ती कॅट कमांडने कोणालाही वाचता येते. सिरीयल नंबर मात्र रूटशिवाय दिसत नाही.

डीएमआयडीकोडला -टी १७ हा पर्याय दिला तर रॅमची माहिती खाचेनुसार येते. त्यात रॅमचा वेग आणि सध्या ठरवलेला वेग अशा दोन ओळी असतात. महागडी रॅम घालूनही दुसरा आकडा पहिल्याहून कमी दिसला, तर सेटअपमधलं रॅमचं प्रोफाइल चालू करायचं राहून गेलंय असं समजा. कधीकधी सिरीयल नंबरच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओईएम" असं वाक्य दिसतं. घाबरू नका. बनवणाऱ्याने ती जागा भरायचीच राहू दिली आहे.

आता मशीन यूईएफआय पद्धतीने सुरू झालंय का ते बघा:

एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय

डिरेक्टरी दिसली तर हो. "अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही" असं उत्तर आलं तर मशीन जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालंय आणि पुढची पायरी त्याला लागू नाही. विंडोजवर स्टार्ट मेनूत एमएसइन्फो३२ शोधा. त्यात "बायोस मोड" ही ओळ आहे, तिथे यूईएफआय किंवा लेगसी असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी: बूटचा क्रम

कमांड लाइनवरून फर्मवेअरला हात लावायची सर्वांत सोपी जागा ही. सगळ्या कंपन्यांच्या यूईएफआय मशीनवर ती सारखीच चालते, कारण बूटची व्हेरिएबल यूईएफआयच्या मानकातच ठरवून दिलेली आहेत.

ईएफआयबूटएमजीआर ही कमांड कोणत्याही पर्यायाशिवाय चालवली की असं काहीसं दिसतं:

बूटकरंट: ०००३
टाइमआउट: १ सेकंद
बूटऑर्डर: ०००३,००००,०००१
बूट००००* विंडोज बूट मॅनेजर
बूट०००१* नेटवर्क
बूट०००३* डेबियन

बूटकरंट म्हणजे आत्ता ज्या नोंदीवरून मशीन सुरू झालं ती. बूटऑर्डर म्हणजे फर्मवेअर कोणत्या क्रमाने प्रयत्न करणार तो. तारका म्हणजे नोंद चालू आहे. आकडे सोळाच्या पायातले आहेत, त्यामुळे ०००९ नंतर ००१० येत नाही, ०००ए येतो. इथे गोंधळ होतो, म्हणून आकडा मनाने टाइप न करता वरून जसाच्या तसा उचलावा.

माझा आवडता पर्याय -एन. समजा फक्त पुढच्या एका वेळेसाठी विंडोजमध्ये जायचंय:

सुडो ईएफआयबूटएमजीआर -एन ००००

याने "बूटनेक्स्ट" नावाचं व्हेरिएबल तयार होतं. पुढच्या सुरुवातीला फर्मवेअर ते वाचतं, पुसून टाकतं आणि त्या नोंदीवर जातं. त्याच्या पुढच्या वेळी सगळं पूर्ववत. नवीन काहीतरी दुरून तपासायचं असेल तर याच्यासारखी गोष्ट नाही, कारण चूक झाली तरी तिथल्या कोणालाही सांगून एकदा बंद-चालू करून घेतलं की मशीन जुन्या वाटेवर येतं.

कायमचा क्रम बदलायला -ओ:

सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ००००,०००३,०००१

गोम अशी की इथे पूर्ण यादी द्यावी लागते. फक्त ०००० दिलंत तर बाकीच्या नोंदी पुसल्या जात नाहीत, पण क्रमातून बाहेर पडतात. छोटा -बी नोंद निवडतो आणि कॅपिटल -बी ती पुसतो. "नक्की पुसू का?" असं ही कमांड विचारत नाही. पुसण्याआधी -व्ही लावून सविस्तर यादी फाइलमध्ये साठवा. त्यात प्रत्येक नोंदीपुढे डिस्कचा आणि बूट फाइलचा पत्ता असतो. उद्या नोंद परत तयार करायची वेळ आली तर तोच लागणार.

एक सावधगिरी: काही फर्मवेअर स्वतःला शहाणी समजतात. तुम्ही लावलेला क्रम पुढच्या सुरुवातीला मोडून स्वतःची आवडती नोंद वर आणून ठेवतात. तसं दिसलं तर कमांड चुकली असं धरून पुन्हा पुन्हा तीच चालवू नका. अशा मशीनवर क्रम सेटअपच्या पडद्यातूनच लावावा लागतो.

आणि सेटअपचा पडदा हवाच असेल तर एफ-टूचा खेळ खेळायची गरज नाही. लिनक्सवर:

सिस्टमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप

विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये:

शटडाउन /आर /एफडब्ल्यू /टी ०

मशीन रीस्टार्ट होऊन थेट सेटअपमध्ये उघडतं. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी ह्या दोन ओळी रोज उपयोगी पडतील.

जिथे नुसतं बघायचं

लिनक्समध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स ही डिरेक्टरी उघडली की शेकडो फाइली दिसतात. प्रत्येक फाइल म्हणजे फ्लॅश चिपमधलं एक व्हेरिएबल. नावाच्या पुढे डॅश आणि लांबलचक ओळख क्रमांक. फाइलमधले पहिले चार बाइट व्हेरिएबलचे गुणधर्म सांगतात, खरा मजकूर त्यापुढे.

साध्या फाइली दिसतात म्हणून त्या साध्या फाइलींसारख्या पुसल्या जातील असं वाटतं, आणि पुसल्या जातातही. २०१६ च्या सुरुवातीला हे चांगलंच गाजलं. रूट म्हणून सगळी डिस्क पुसण्याची कमांड दिली तर तिच्या ओघात ही डिरेक्टरीही पुसली जाते, आणि काही मशीनची फर्मवेअर आपली व्हेरिएबल गायब झालेली पाहून पुन्हा उठतच नाहीत. डिस्क बदला, ऑपरेटिंग सिस्टम नव्याने टाका, उपयोग शून्य, कारण बिघाड डिस्कवर नाहीच. दोष खरं तर त्या फर्मवेअरचा. व्हेरिएबल नसतील तर मूळ सेटिंग घेऊन सुरू व्हायला हवं, इतकं साधं त्यांना जमलं नाही. पण फटका वापरणाऱ्याला बसत होता, म्हणून कर्नलनेच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेच, उपाय केला. तेव्हापासून यातली बरीचशी व्हेरिएबल "बदलता न येणारी" अशी खूण लावूनच समोर येतात. ही खूण चॅटर -आय कमांडने काढता येते.

तुम्ही ती काढू नका. "अमुक सेटिंग लपवलेली आहे, सेटअप नावाच्या व्हेरिएबलमध्ये अमुक क्रमांकाचा बाइट बदला" असे सल्ले तुम्हाला भेटतील. ते व्हेरिएबल म्हणजे एकापुढे एक मांडलेले बाइट, नावं नाहीत, पाट्या नाहीत. कोणता बाइट कशाचा हे मॉडेलनुसार बदलतं, एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतही बदलू शकतं. दुसऱ्याच्या मशीनवरचा क्रमांक आपल्या मशीनवर वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या घराचा नकाशा घेऊन स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकणं. वायर कुठे आहे ते खिळा लागल्यावर कळतं.

तिसरी पायरी: सेटिंग वाचा, नावानिशी

नावं आणि पाट्या असलेली वाट आता लिनक्समध्येच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ५.११ कर्नलपासून /सिस/क्लास/फर्मवेअर-ॲट्रिब्यूट्स ही डिरेक्टरी मिळते. सुरुवात डेलच्या मशीनपासून झाली, मग लेनोवोच्या थिंक मालिकेची भर पडली, ६.६ कर्नलमध्ये एचपीची व्यावसायिक मशीन आली. घरगुती वापराच्या, सुटे भाग जोडून बनवलेल्या मशीनवर ही डिरेक्टरी सहसा रिकामी किंवा गायब असते. त्यांच्यासाठी सेटअपचा पडदाच, दुसरी वाट शोधत बसू नका.

आत गेलात की कंपनीच्या ड्रायव्हरच्या नावाची एक डिरेक्टरी, तिच्यात ॲट्रिब्यूट्स, आणि तिच्यात प्रत्येक सेटिंगची स्वतंत्र डिरेक्टरी. वेकऑनलॅन नावाची निवडून तिच्यातल्या फाइली एकेक करून कॅटने वाचू. माझ्या समोरच्या मशीनवर असं दिसतं:

टाइप: एन्युमरेशन
पॉसिबल_व्हॅल्यूज: डिसेबल्ड;लॅनओन्ली;लॅनविथपीएक्सईबूट
करंट_व्हॅल्यू: डिसेबल्ड

एन्युमरेशन म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी एक. ते पर्याय दुसऱ्या फाइलीत, अर्धविरामाने वेगळे केलेले. टाइप जर इंटिजर असेल तर पर्यायांऐवजी किमान आणि कमाल आकडा मिळतो, स्ट्रिंग असेल तर लांबीची मर्यादा. तुमच्या मशीनवर सेटिंगचं नाव वेगळं असेल, पर्यायही. कोणी नुसतं चालू-बंद देतं, कोणी "चार्जर लावलेला असतानाच" असाही पर्याय देतं. म्हणून दुसऱ्याच्या टिपणातली व्हॅल्यू थेट लिहायची नाही. आपल्या मशीनची पॉसिबल_व्हॅल्यूज वाचायची आणि त्यातलाच शब्द उचलायचा.

बदलायच्या आधी सगळ्याची नक्कल करून ठेवा. ॲट्रिब्यूट्स डिरेक्टरीत उभं राहून:

सुडो ग्रेप . */करंट_व्हॅल्यू > ~/आधी.टीएक्सटी

ग्रेपनंतरचा ठिपका म्हणजे "काहीही असलेली ओळ". एकाच ओळीच्या कमांडमध्ये प्रत्येक सेटिंगचं नाव आणि तिची आजची व्हॅल्यू तुमच्या होम डिरेक्टरीत उतरते. मी ही ओळ वगळून पुढे जात नाही, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका मशीनवर मी एकाच बैठकीत तीन गोष्टी बदलल्या: डिस्कचा मोड रेडवरून एएचसीआयवर नेला, सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्रामच सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं आणि बूटची पद्धत बदलली. विंडोज निळा पडदा दाखवून थांबलं, "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". तिन्हीपैकी कशामुळे? आधी काय होतं? कुठेच लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळ त्यात गेली, आणि शेवटी निघाला तो डिस्कचा मोड. विंडोज एका मोडसाठीचा ड्रायव्हर घेऊन सुरू व्हायला सज्ज असतं. मोड अचानक बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. तेव्हापासून एका वेळी एकच बदल, आणि त्याआधी ही फाइल.

चौथी पायरी: बदला

इथे बहुतेक सगळेच एकदा ठेचकाळतात. साहजिकच हात असं टाइप करतो:

सुडो एको लॅनओन्ली > वेकऑनलॅन/करंट_व्हॅल्यू

आणि उत्तर येतं, परवानगी नाकारली. सुडो तर लावलं होतं! लावलं, पण ते फक्त एकोला लागू झालं. बाणाचं काम, म्हणजे फाइल उघडून तिच्यात लिहिणं, तुमचं शेल करतं आणि त्याला रूटचा हक्क नाही. म्हणून लिहिणाऱ्यालाच सुडो द्यायचं:

एको लॅनओन्ली | सुडो टी वेकऑनलॅन/करंट_व्हॅल्यू

टी ही कमांड पाइपमधून, म्हणजे त्या उभ्या रेघेतून, आलेलं फाइलीत लिहिते. आता "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" असा नकार आला तर पर्यायाचं स्पेलिंग किंवा कॅपिटल-छोटी अक्षरं चुकली आहेत, पुन्हा पॉसिबल_व्हॅल्यूज बघा.

फर्मवेअरला ॲडमिन पासवर्ड लावलेला असेल तरीही नकार येईल. शेजारच्या ऑथेंटिकेशन डिरेक्टरीत, ॲडमिनच्या खाली इज_एनेबल्ड ही फाइल आहे, तिच्यात १ असेल तर पासवर्ड आहे. मग तो आधी तिथल्याच करंट_पासवर्ड फाइलीत लिहावा लागतो, त्यानंतर सेटिंग बदलायची, आणि काम झाल्यावर त्याच फाइलीत रिकामी ओळ लिहून पासवर्ड काढून घ्यायचा. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. ती विसरली तर मशीन रीस्टार्ट होईपर्यंत रूट म्हणून येणारा कोणताही प्रोग्राम पासवर्ड न विचारता सेटिंग बदलू शकतो. शिवाय पासवर्ड एकोच्या ओळीत टाइप केलात तर तो शेलच्या इतिहासात जाऊन बसतो. रीड -एस कमांडने तो आधी व्हेरिएबलमध्ये घ्या. टाइप करताना पडद्यावरही दिसत नाही, इतिहासातही उरत नाही.

फाइलींची ही उठाठेव नको असेल तर एफडब्ल्यूअपडीएमजीआर हा प्रोग्राम वापरा. फर्मवेअर अपडेट करणारा म्हणून तो ओळखीचा आहे, पण १.८.४ आवृत्तीपासून तो सेटिंग्जही हाताळतो. गेट-बायोस-सेटिंग दिलं की सगळी यादी पर्यायांसकट, आणि बदलायला:

एफडब्ल्यूअपडीएमजीआर सेट-बायोस-सेटिंग वेकऑनलॅन लॅनओन्ली

आतून तो याच फाइली वाचतो, त्यामुळे फर्मवेअर-ॲट्रिब्यूट्स नसलेल्या मशीनवर यालाही काही सापडत नाही. शिकताना मात्र मी एकदा तरी फाइलींच्या वाटेने जायला सांगेन. पुढे काही अडलं की कुठे अडलं ते कळतं.

विंडोजवर

विंडोजमध्ये अशी एकच सामाईक वाट नाही, प्रत्येक कंपनीचा आपला सवतासुभा. डेलचं कमांड कॉन्फिगर, त्यातली कमांड सीसीटीके. एचपीचं बायोस कॉन्फिगरेशन युटिलिटी. ते /गेट देऊन सगळी सेटिंग्ज एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवतं, प्रत्येक सेटिंगखाली सगळे पर्याय आणि चालू पर्यायापुढे तारका. तारका हलवायची आणि /सेट देऊन फाइल परत द्यायची. पद्धत मला फार आवडते, फक्त परत देताना फाइलीत पहिल्या शीर्षक ओळीसोबत बदलायची तेवढीच सेटिंग ठेवा. अख्खी फाइल दुसऱ्या मशीनवर ओतली की नको ते बदल सोबत जातात.

लेनोवोच्या मशीनवर वेगळा प्रोग्राम न टाकताही पॉवरशेलमधून काम होतं. गेट-सिमइन्स्टन्स या कमांडला रूट/डब्ल्यूएमआय ही नेमस्पेस आणि लेनोवो_बायोससेटिंग हा क्लास दिला की सेटिंग आणि व्हॅल्यू स्वल्पविरामाने जोडून येतात. बदलणं मात्र दोन टप्प्यांत होतं. आधी सेट, मग सेव्ह. सेट झालं, "सक्सेस" आलं आणि आपण उठून गेलो, तर रीस्टार्टनंतर सेटिंग जुनीच. सेव्हची मेथड वेगळी चालवावी लागते, हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण फर्मवेअरला शिव्या घालत बसतात.

विंडोजवर काहीही बदलण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघाच. डिस्कची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपकडे असते, आणि मशीन नेहमीसारखं सुरू झालंय अशी खात्री पटल्याशिवाय ती किल्ली मिळत नाही. सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलली की सुरुवात "नेहमीसारखी" राहत नाही आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती जवळ नसेल तर डेटा अडकून पडू शकतो. म्हणून आधी की सुरक्षित जागी लिहून ठेवा आणि मॅनेज-बीडीईने एका रीस्टार्टपुरतं संरक्षण थांबवा:

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: -रीबूटकाउंट १

पाचवी पायरी: रीस्टार्ट, आणि परत वाचा

करंट_व्हॅल्यूत नवा शब्द दिसला म्हणजे काम झालं असं नाही. ॲट्रिब्यूट्स डिरेक्टरीत पेंडिंग_रीबूट नावाची फाइल आहे. तिच्यात १ असेल तर बदल रांगेत उभा आहे, फर्मवेअरने अजून अंगी लावलेला नाही. रीस्टार्ट केल्यावर तीच ग्रेपची ओळ पुन्हा चालवा, या वेळी नंतर.टीएक्सटी नावाने, आणि:

डिफ आधी.टीएक्सटी नंतर.टीएक्सटी

वेकऑनलॅनची एकच जोडी दिसायला हवी. दोन-तीन जास्तीच्या ओळी दिसल्या तर थांबा आणि त्या नीट वाचा. काही सेटिंग्ज एकमेकींना बांधलेल्या असतात, एक हलवली की दुसरी आपोआप हलते. आणि काहीच फरक दिसला नाही तर फर्मवेअरने गुपचूप नकार दिला. हेही होतं.

मशीन अजिबात सुरूच झालं नाही तर घाई नको. रॅमशी संबंधित बदल असेल तर काही मशीन रॅम नव्याने जुळवताना काही मिनिटं काळा पडदा दाखवतात, तेवढा वेळ द्या. मग सेटअपमध्ये जाऊन मूळ सेटिंग परत आणायचा पर्याय. तोही पडदा आला नाही तर मदरबोर्डवरचा सीमॉस पुसण्याचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी क्लिप), असलाच तर. फर्मवेअरचा पासवर्ड मात्र या उपायांना बऱ्याच लॅपटॉपवर दाद देत नाही, म्हणून शिकताना पासवर्ड लावण्याचे प्रयोग करू नका.

प्रयोगच करायचे असतील तर व्हर्च्युअल मशीन घ्या. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला ओव्हीएमएफ हे यूईएफआय फर्मवेअर जोडता येतं, आणि त्याची सगळी व्हेरिएबल एका साध्या फाइलीत राहतात. फाइलीची नक्कल करा, आत जाऊन बूटच्या नोंदी पुसा, क्रम उलटसुलट करा, ईएफआयव्हार्सची खूण काढून पाहायची खुमखुमी असेल तर तीही इथेच भागवा. बिघडलं की नक्कल परत जागेवर ठेवायची. फर्मवेअर-ॲट्रिब्यूट्स मात्र तिथे मिळत नाही.

आता आपलं वेक ऑन लॅन. सेटिंग बदलली, डिफमध्ये एकच ओळ दिसली, मशीन बंद केलं आणि दुसऱ्या मशीनवरून वेकऑनलॅन कमांडने जादूचं पॅकेट पाठवलं. पॅकेट १०२ बाइटचं असतं: आधी सहा बाइट सगळे एफएफ, मग झोपलेल्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (हार्डवेअर क्रमांक) सोळा वेळा. तरी मशीन ढिम्म? फर्मवेअरने परवानगी दिली, पण बंद होताना ऑपरेटिंग सिस्टमने कार्डाला जागं राहायला सांगितलंच नाही. ईथटूलला कार्डाचं नाव देऊन चालवा आणि शेवटाकडची "वेक-ऑन" ही ओळ बघा. तिथे डी असेल तर बंद. चालू करायला:

सुडो ईथटूल -एस ईएनपी३एस० डब्ल्यूओएल जी

ईएनपी३एस० च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव, आयपी लिंक कमांडने मिळेल. हा बदल रीस्टार्टनंतर टिकतोच असं नाही, नेटवर्कच्या कॉन्फिगरेशनमध्ये तो कायमचा लिहावा लागतो. आणि एवढं करूनही उठलं नाही, तर आधी.टीएक्सटी उघडून त्यात "डीप स्लीप" किंवा "ईआरपी" अशा नावाची सेटिंग शोधा. वीज वाचवण्यासाठी ती बंद मशीनमधल्या नेटवर्क कार्डाचाही पुरवठा तोडते. ती चालू असेल तर पुढचा बदल तिचा, पुन्हा तिसऱ्या पायरीपासून.